गोफणीनं पाडलेला बांड्या

आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी तोंड वाकडं करायला नको. पंधरा कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीवरून नाहीसा झालेला एक उडता प्राणी मी गोफणीनं पाडलेला आहे. एका दगडात. वडगाव रासाईच्या शिवारात, आमच्याच ज्वारीत, दिवस मावळायच्या सुमाराला. पाडला तो पाडला, वर मचाणावर उभी राहून नाचले. तेव्हा मी फार लहान होते, साठीच्या आतबाहेर. त्या वयात माणसाला अक्कल कमी आणि नेम चांगला असतो.

आता पुन्हा थंडी पडलीय. भीमेकडून सकाळी धुकं येतं आणि उसाच्या शेंड्यांवर दुलई टाकल्यासारखं पसरतं. आमच्या ज्वारीची कणसं दुधात आलीत. बोटानं दाणा दाबला की पांढरा थेंब येतो. अजून आठवडाभरानं हुरडा होईल. आगटी पेटेल, गोवऱ्यांचा निखारा फुलेल, भाजलेलं कणीस तळहातावर चोळताना हात पोळतील आणि तरी कुणी थांबणार नाही. पहिला घास तोंडात जातो तेव्हा सगळे गप्प बसतात. वर्षातून तेवढंच एकदा आमचं घर गप्प असतं.

मात्र हुरड्यावर आपला एकट्याचा हक्क आहे असं समजायचं कारण नाही. ज्वारी दुधात आल्याची बातमी पाखरांना आपल्याआधी लागते. पूर्वी सगळं शिवार ज्वारीचं असायचं, तेव्हा खाणारी तोंडं वाटली जायची. आता चहूकडं ऊस आणि मधे आमचा एवढासा तुकडा. मी भाकरीसाठी हट्टानं ठेवलेला. नगर रोडला मैलोन्‌मैल कंपन्या असाव्यात आणि मधे एकच भज्यांची गाडी, तशी आमची ज्वारी. सगळी गर्दी तिथंच. चिमण्या येतात, पोपट येतात, आणि भोरड्या तर वऱ्हाड घेऊन येतात. काळ्या-गुलाबी अंगाची ही पाहुणी पाखरं थव्यानं उतरली की कणसं वाकतात. संध्याकाळी तोच थवा आभाळात वळायला लागला की धुराची चादर कुणीतरी झटकतंय असं वाटतं. बघत राहावं इतकं सुंदर. मी बघत राहते, आणि मग आठवतं, अगं बाई, ह्यांच्या पोटात माझी भाकरी आहे.

मग मी गोफण उचलते.

गोफण मला माहेरानं दिलेली नाही. माझं माहेर दौंडचं. वडील रेल्वेत, आम्ही क्वार्टरमध्ये वाढलेलो. कुठली गाडी किती उशिरा धावतेय ते मला शिट्टीवरून कळायचं, पण ज्वारी आणि मका शेजारी उभे केले तर कोण कोण आहे ते कणीस लागेपर्यंत सांगता यायचं नाही. लग्न होऊन भीमेच्या अलीकडं आले, आणि पहिल्याच हिवाळ्यात सासूबाईंनी मला मचाणावर चढवलं. हातात गोफण दिली. सुताची विणलेली, मधे दगड ठेवायला खोलगट पट्टी, दोन बाजूंना दोन दोऱ्या. एक दोरी बोटात अडकवायची, दुसरी मुठीत धरायची, डोक्याभोवती गरगर फिरवायची आणि नेमक्या क्षणी मुठीतली सोडायची. बस्स. सांगायला दोन वाक्यं.

नेमका क्षण कुठला ते मात्र सासूबाईंनी सांगितलं नाही. मी डोळे मिटून फिरवली आणि डोळे मिटूनच सोडली. पाखरं समोर होती, दगड मागं गेला. मागं बांधावर पाण्याचं नवं मडकं होतं. होतं म्हणजे, तोवर होतं.

आमचे हे, तेव्हा नव्या नवरदेवाच्या रुबाबात, बांधावर विडी ओढत बसलेले. भिजलेलं धोतर झटकत म्हणाले, "अगं, पाखरं म्होरं हायत. मडकं ज्वारी खात न्हाई."

मी वरून म्हटलं, "मला म्हाईत हाय. मी अंदाज घेत व्हते."

ही माझी तेव्हाची तऱ्हा. चूक झाली तर झाली, पण कबूल म्हणून करायची नाही. सतरा-अठरा वर्षांची ती पोरगी आज माझ्यासमोर आली, तर मी तिच्या पाठीत एक धपाटा घालीन आणि मग तिला पोटभर हुरडा खायला घालीन. बिचारी दुपारच्या वेळी, कुणी नसताना, नदीच्या वाळूत जाऊन एकटीच गोफण शिकली. पळसाच्या खोडाला खडूनं चिमणी काढायची आणि तिला मारायचं. ती चिमणी कधी उडाली नाही, म्हणून शेवटी लागली. पुढच्या हंगामापर्यंत मी अशी तयार झाले की दगड न घालता नुसती गोफण कडाडली तरी थवा उठायचा. खरं म्हणजे पाखरं मारायची नसतातच, उठवायची असतात. पण मला माझ्या नेमाचा एवढा ताठा चढला की येईल-जाईल त्याला मी सांगायची, "दाखवा बोट, पाडते." आणि तो ताठा मी पुढं चाळीस वर्षं नीट तेल लावून जपून ठेवला.

त्याचं काय झालं ते सांगते. त्यासाठी मिताकडं यावं लागेल.

मिता म्हणजे संघमित्रा, माझी नात. आता ती पुण्याला कॉलेजात दगडांचं शिकते. दगडांचं शिकायला पुण्याला कशाला जायचं, आपल्या माळावर काय कमी आहेत, असं मी तिला पहिल्या वर्षी विचारलं होतं. पण ज्या हंगामाची ही गोष्ट, तेव्हा ती सातवीत होती. दोन वेण्या, गुडघ्यावर खपली, आणि तोंडात सारखं एकच नाव: अ‍ॅन्युरोग्नॅथस. शिरूरला तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन होतं आणि तिच्या शाळेतून तिचीच निवड झालेली. बाकी पोरं ज्वालामुखी करतात, पवनचक्की करतात. हिनं हे कुठून काढलं कोण जाणे. मॅडमच्या मोबाइलवर त्याचं चित्र बघितलं आणि हिच्या डोक्यात तो जो बसला तो उठेना.

मी भाकरी थापायची आणि ती चुलीपुढं बसून मला शिकवायची.

"आज्जे, हे पाखरू न्हाई बरं का. वटवाघूळ बी न्हाई."

"मग डायनासोर असंल."

"डायनासोर बी न्हाई! त्यांच्या भावकीतला. उडणारा सरडा म्हण पाहिजे तर. पर सरडा बी न्हाई."

"अगं, मग हाय तरी कोण त्यो? सगळ्यांनी वाळीत टाकलाय का काय?"

ती हसायची आणि पुन्हा सुरू व्हायची. अंग साळुंकीपेक्षाही लहान. दोन्ही पंख पसरले की मात्र हातभर. तोंड बेडकासारखं रुंद, डोळे मोठे, अंगावर बारीक लव. किडे खायचा, उडता उडता. आणि शेपूट जवळजवळ नाहीच. हे ऐकल्यावर मी त्याचं नाव ठेवून टाकलं. शेपूट नसलेल्या बैलाला आमच्याकडं बांडा म्हणतात, तर हा बांड्या. मिताला आधी राग आला, मग तिच्याही तोंडात तेच बसलं.

एक दिवस तिनं माझा पिठाचा हात ओढून पुढं घेतला. अंगठ्यापासून मोजत अंगठीच्या बोटावर आली आणि म्हणाली, "हे बघ. त्याचं हे बोट लांबच लांब वाढल्यालं. बाकीची बोटं नखं लावून मोकळी, आन् ह्या एका बोटावर सगळा पंख ताणल्याला."

ते मात्र माझ्या मनात राहिलं. तवा तापत होता, भाकरी करपली, तरी मी बोटाकडं बघत बसले. आपण त्या बोटात अंगठी घातली आणि चुलीपुढं बसलो. त्यानं त्याच बोटावर पंख ताणला आणि आभाळात गेला. योगायोग बघा, गोफणीची दोरीही मी त्याच बोटात अडकवते. म्हणजे आमची दोघांची भेट व्हायचीच होती.

मिताचं काम मोटारीच्या खोलीत चालायचं. विहिरीवरची ती पत्र्याची खोली तिनं आतून कडी लावून बळकावली होती. "आज्जे, तू आत यायचं न्हाईस. तुला मागनं दावणार हाय." तिचा बाप सणसवाडीच्या कंपनीतून शिफ्ट करून यायचा तेव्हा डब्याच्या पिशवीत थर्माकोल, पॅकिंगच्या पट्ट्या, नायलॉनची दोरी असलं काहीतरी घेऊन यायचा. माझा खराटा रोज बारीक होत चालला होता. आबांची, म्हणजे आमच्या ह्यांची, छत्री एक दिवस सांगाडा होऊन खुंटीला लटकलेली सापडली. कापड गायब. ते खुंटीवरच्या सांगाड्याकडं बघत म्हणाले, "ही मेली का काय?" मला काही उलगडलं नाही. पोरीचं शाळेचं काहीतरी, एवढंच.

आता तो दिवस. प्रदर्शनाच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ. दुपारी ह्यांनी ज्वारीला शेवटचं पाणी दिलेलं, त्यामुळं जमीन लोण्यासारखी झालेली. मी मचाणावर. त्या वर्षी वस्तीवर बिबट्याचं भय फार होतं. उसात त्यानं पिलं घातलीत म्हणत, रोज कुणाची ना कुणाची शेळी जायची, अंधाराआधी घरी या म्हणून सगळे ओरडायचे. मी खाली उतरायच्याच बेतात होते. भोरड्यांचा शेवटचा थवा कणसांवर पसरलेला. माझा घसा बसलेला, आवाज फुटत नव्हता.

आणि एकाएकी सगळा थवा उठला. मी हूं की चूं केलं नव्हतं. एकदम, एका झटक्यात, सगळं शिवार झाडल्यासारखं. चाळीस हिवाळे ओरडून मला जे जमलं नव्हतं ते कुणीतरी न बोलता केलं होतं. मी वळून बघते तर बांधावरच्या बाभळीकडून काहीतरी येत होतं. काळं. पंख पसरलेले, पण हलत नव्हते. शेपूट नव्हती. तोंड हे एवढं आ वासलेलं, आत लालभडक. आणि डोळे? मावळत्या उन्हात दोन्ही डोळे निखाऱ्यासारखे पेटलेले. सरळ माझ्या अंगावर.

महिनाभर ज्याचं वर्णन चुलीपुढं ऐकलं, ज्याला नाव मीच ठेवलं, तो समोर आला तर ओळख पटावी की नाही? नाही पटली. माझ्या डोक्यात आलं ते असं, की बिबट्याला आता पंखही फुटले.

हात मात्र डोक्याची वाट बघत थांबला नाही. गोफण फिरली, गुंडा सुटला. गोफणीच्या दगडाला आम्ही गुंडा म्हणतो. माझा गुंडा नदीतला, गोल, लिंबाएवढा. फट्‌ असा आवाज झाला. ते काळं काहीतरी हवेतच दुमडलं आणि गिरक्या घेत ज्वारीत पडलं.

"पाडलाऽऽ!" बसलेला घसा एकदम उघडला. मी मचाणावर नाचले. फळ्या करकरल्या तरी नाचले. पलीकडच्या वस्तीला कळावं म्हणून पुन्हा ओरडले, "पाडला गं बाई, पाडला!"

बाभळीवरून आवाज आला, "आज्जेऽऽ!"

तो आवाज आजही थंडीत कधीकधी कानात येतो आणि मला हसूही येतं आणि वाईटही वाटतं. मिता झाडावरून सरकत खाली आली, ज्वारीतून धावत सुटली. मी खाली उतरून तिथं पोचेपर्यंत तिनं तो चिखलातून उचललेला होता. छत्रीचं कापड, खराट्याच्या काड्यांची हाडं, थर्माकोलचं डोकं. सायकलच्या लाल रिफ्लेक्टरचे डोळे. डोकं फुटलेलं, एक पंख तीन ठिकाणी मोडलेला. बाभळीपासून मोटारीच्या खोलीपर्यंत तिनं नायलॉनची दोरी बांधली होती आणि त्या दोरीवरून तो कडीनं घसरत येत होता. वरून सोडायचा, खाली झेलायचा. दोरी संध्याकाळच्या उजेडात दिसतच नव्हती.

ती रडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "पाखरं उठली ना? तुझा घसा बसलाय म्हणून हितं उडवला. नाहीतर शाळेच्या मैदानावर उडवणार व्हते."

आणि मग, "उद्या शिरूरला न्यायचा व्हता गं."

एवढं बोलून ती घराकडं चालायला लागली. मी मागून. आयुष्यात पहिल्यांदा मला 'मी अंदाज घेत होते' असं म्हणता आलं नाही.

घरी मिता गोधडी घेऊन भिंतीकडं तोंड करून झोपली. जेवली नाही. मी सुई-दोरा, डिंक, चिकटपट्टी, जे हाताला येईल ते घेऊन बांड्याला मांडीवर घेतलं. एक हाड जोडलं की दुसरं सुटायचं. अंगणवाडीच्या नोकरीत मी इतकी वर्षं पोरांसाठी कागदाचे पक्षी केले, कापसाचे ससे केले, पण मोडलेलं आभाळ जोडायचं काम कधी आलं नव्हतं. सूनबाई ताट वाढत होती. आबा त्याच्याकडं बघून म्हणाले, "नेम मातुर झ्याक. डोळ्यांच्या मधोमध."

"तुम्ही गप बसा हो."

"न्हाई, मी म्हणतो, मडक्यापासनं सुधारणा हाय."

मिताच्या गोधडीला जरासा हादरा बसला. हसली की रडली ते कळलं नाही. मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून बोलत राहिले, मला गप्प राहण्याची भीती वाटत होती. म्हटलं, "त्या वाफ्यात तर सगळा चितारलाय बाई. ओल्या मातीत तोंडासकट पंखासकट छाप उमटलाय. मी पाय देता देता राह्यले."

गोधडी बाजूला झाली. मिता उठून बसली.

"छाप?"

"व्हय."

"सगळा? बोटासकट?"

"लांब बोटासकट. मला काय म्हाईत असं..."

"आज्जे, तू पाय न्हाई ना दिला? खरं सांग!"

"न्हाई गं माझे आई."

ती उभी राहिली. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले, पण चेहरा असा की चुलीतलं लाकूड फुंकल्यावर धरतं तसा. "आबा, बॅटरी घ्या. खुरपं घ्या. मोटारीच्या खोलीतला पत्रा घ्या. चला."

"आत्ता? बिबट्या हाय बाहेर."

"आजी हाय ना संगं," ती म्हणाली. "ती कुणालाबी पाडती."

त्या एका टोमण्यानं माझ्या जिवात जीव आला. पोरगी टोमणा मारायला लागली म्हणजे बोलायला लागली.

मग आमची वरात निघाली. पुढं मिता बॅटरी घेऊन, मधे आबा ताट बडवत, म्हणजे बिबट्यानं वाट सोडावी, आणि मागं मी पत्रा डोक्यावर घेऊन. वाफ्यात उजेड पडला आणि आम्ही तिघंही उकिडवे बसलो. काळ्या ओल्या मातीत तो पडला होता. पंख ताणून, मान मुरगळून, बेडकासारखं तोंड उघडं. काडीन्‌काडी उमटलेली. आणि डोक्याच्या शेजारी माझा गुंडा, अर्धा मातीत रुतलेला.

मिता हळूहळू सांगत होती, आवाज अगदी देवघरात बोलावं तसा. खरा बांड्याही असाच सापडला. कुठल्यातरी जुन्या उथळ समुद्राच्या काठी, चुन्याच्या चिखलात पडला. वरून चिखलाचे थर बसत गेले, त्याचा दगड झाला. आपल्याकडं फरशी असते तसा थरांचा दगड. माणसांनी फरशीसाठी तो फोडला तर आत हा, चपटा झालेला, डोकं चेंगरलेलं. "उडत्याला कुणी बघितलंच न्हाई आज्जे. जे काय कळलं ते पडल्याल्याकडनं कळलं."

मी हात लांब केला आणि तो गुंडा उचलायला गेले. लाजच वाटत होती त्याची.

तिनं माझा हात धरला. "राहू दे. पुरावा हाय."

खुरप्यानं चारी बाजूंनी माती कापली, खालून पत्रा सरकवला आणि तिघांनी मिळून तो चिखलाचा चौकोन घरी आणला. लेकराला न्यावं तसा. मिता छत्रीचं कापड सोडवून काड्यांची हाडं पुन्हा त्या छापात बसवत गेली, मोडलेली मोडलेल्या जागी. फुटकं डोकं फुटक्यासारखंच ठेवलं. वरून मी चुलीतली राख चाळणीनं भुरभुरली, म्हणजे माती सुकावी आणि दगडासारखी पांढरटही दिसावी. सकाळी उठून बघतो तर काळ्या मातीनं आपला स्वभाव दाखवलेला. आरपार दोन भेगा. माझं तोंड पडलं. मिता म्हणाली, "बेस झालं. जुना दिसायला लागला." आणि मग बसून तिनं दोन भाकरी खाल्ल्या.

शिरूरला आम्ही वस्तीतल्या एका पोराच्या टेम्पोतून गेलो. "जय भीम मावशी, हे काय, देव बसवायला चाललात का?" त्यानं विचारलं. "देव न्हाई, मयत हाय," मी म्हटलं. घोडनदीच्या पुलापर्यंत मी पत्रा मांडीवर धरून बसले होते आणि प्रत्येक खड्ड्याला ड्रायव्हरच्या सात पिढ्या आठवत होते.

शाळेच्या हॉलमध्ये काय तो थाट! ज्वालामुखी फसफसत होते, पवनचक्क्यांचे दिवे लुकलुकत होते, एका पोराचा रोबो तर 'नमस्कार' म्हणत होता. आमच्या टेबलावर चिखल. मिताच्या मॅडम आल्या आणि कपाळाला हात लावला. "संघमित्रा, आपण उडणारं मॉडेल म्हणून कळवलंय ना गं? हे काय?"

मिता म्हणाली, "मॅडम, उडालं व्हतं."

शेजारच्या रोबोवाल्यानं वाकून विचारलं, "ही गोवरी का?" त्याची आई फिसकन हसली. मिताच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मला वाटलं, हिला घेऊन आत्ता घरी जावं. माझ्या एका दगडानं हिची सगळ्या तालुक्यापुढं शोभा झाली. पण ती हलली नाही. वेण्या मागं टाकल्या आणि हात पाठीमागं घेऊन उभी राहिली. माझंच तिथं उभं राहवेना. गेटावरून कागदात भजी आणली आणि पार कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसले. मला काळजी वाटली की भूक लागते. ही माझी दुसरी तऱ्हा.

परीक्षक आले. त्यात एक म्हातारेसे गृहस्थ होते, जाड भिंगाचा चष्मा. रोबोला त्यांनी परत नमस्कार केला आणि पुढं आले. मग मिताच्या टेबलापाशी थांबले ते थांबलेच. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. वाकून वाकून बघितलं. मिता बोलत होती, बोट दाखवत होती. तिनं स्वतःचा हात वर करून अंगठीचं बोट ताणून धरलं, तेव्हा त्या गृहस्थांनीही नकळत आपलं बोट वर केलं. मग त्यांनी त्या गोल गुंड्यावर बोट ठेवून काहीतरी विचारलं. हॉलमध्ये एवढा गोंगाट की मला शब्द ऐकू येईना. तिनं काहीतरी उत्तर दिलं आणि सगळेच्या सगळे परीक्षक एकदम वळून माझ्याकडं बघायला लागले. माझ्या तोंडात भजं. आणि मग ते सगळे असे हसले, की चष्मेवाल्यांना टेबलाचा आधार घ्यावा लागला. मॅडमही हसल्या. रोबोवाल्याची आईसुद्धा काय झालं म्हणून बघायला आली.

पहिला नंबर ज्वालामुखीचा आला. दुसरा बांड्याचा. तो बांड्या आजही आमच्या फडताळावर आहे. भेगा वाढल्यात, एक पंख सूनबाईच्या झाडण्यात गेला. मिता सुट्टीला आली की आधी त्याच्याकडं जाते, मग माझ्याकडं. मला त्याचं काही वाटत नाही. मला उलट मजा वाटते, की इतक्या वर्षांत माझे हजार दगड नेमके लागले असतील, त्यातला एकही कुणाला आठवत नाही. मागं गेलेला एक आणि पुढं गेलेला हा एक, एवढेच दोन घरात राहिले. चिखलात तोंडावर आपटेल त्याचीच आठवण पक्की होते, हे बांड्याला पंधरा कोटी वर्षांपूर्वी कळलं, मला जरा उशिरा.

परवा तिचा फोन आला. "आज्जे, हुरडा कवा? मी येतीया. नवीन बांड्या करायचाय, मोठा. ज्वारीवरच उडवू." मी म्हटलं, "ये की." गोफण आढ्यावरून काढलीय, दोरी जरा कुजली होती ती बदलली. आबा विचारतात, कशासाठी? मी म्हणते, पाखरांसाठी. त्यांना खरं वाटत नाही.

पण त्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं. परत येताना टेम्पोत मिता माझ्या खांद्यावर डोकं टाकून बसली होती. मांडीवर पत्रा, पत्र्यावर बांड्या, शेजारी माझा गुंडा. शेवटी मी विचारलंच, "काय सांगितलंस गं त्या साहेबाला?" तिनं डोळे मिटलेलेच ठेवले आणि म्हणाली,

"खरं त्येच सांगितलं. म्हणलं, सर, सगळ्या जगात ह्याचे बोटावर मोजण्याइतकेच सापडलेत, आन् त्ये कशानं मेले ते कुणालाच ठाव न्हाई. ह्या एकट्याला कुणी मारलं तेवढं पक्कं हाय, ती तिकडं कोपऱ्यात बसून भजी खातीया."